बुश्ताची पाठ

मोरोक्कोतल्या फेस गावच्या जुन्या शहरात बुश्तापेक्षा त्याची पाठच जास्त प्रसिद्ध. रात्री झोप झाली नाही की मान धरायची, बायकोशी वाजलं की कंबर. आणि वाजायचं तर रोजच! जन्मभर मांडी घालून, मान मोडून फरशीचे रंगीत तुकडे जुळवणाऱ्याची पाठ आणखी काय करणार म्हणा.

या वेळी मात्र त्यानं अंथरूणच धरलं. डॉक्टर म्हणाला, "काही तुटलेलं नाही. चाला-फिरा, पडून राहू नका, काळजी कमी करा." बुश्ता भडकला. "म्हणजे मी सोंग करतोय?" हाडवैद्यानं फळीवर उताणं पडायला सांगितलं, ते पटलं. बुश्ताचा बाप असाच एकदा आडवा झाला होता, तो काही पुन्हा कामावर गेला नाही. आपलंही तेच होणार, ही धास्ती त्यानं बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

पडल्या पडल्या नवाच किडा डोक्यात शिरला. कारखान्यात कारंज्याची नक्षी तो लावून आला होता. हे काम उलटं चालतं. तुकड्याचा रंग जमिनीकडे, मातकट पाठ वर. कुठे कोणता रंग ते सगळं डोक्यात ठेवायचं. वरून गिलावा ओतला की चूक जन्माची. आणि गिलावा आजच होता! मधल्या चांदणीत हिरव्याच्या जागी काळा तर नाही ना बसला? जितकं आठवावं तितकी पाठ आखडत गेली.

"अहो, गप पडा की जरा!" त्याची बायको राकिया करवादली.

"काळाच बसलाय गं."

"मग जा, बघून या! इथं माझं डोकं का खाताय?"

भिंत धरून तो उठला आणि गाढवं चुकवत उतार उतरला. कारखान्यात पोचतो तर त्याचा जोडीदार अल्लाल गिलावा ओतून मोकळा! आता वाळेपर्यंत वाट बघणं आलं. बुश्ताला बसवेना, उभं राहवेना. नुसत्या येरझाऱ्या.

"अरे बाबा, तुझ्याकडे बघून माझी मान दुखायला लागली," अल्लाल वैतागला.

दुपारी चौघांनी मिळून नक्षी उलटवली. चांदणी हिरवीगार! बुश्ता हरखून खाली वाकला, तुकड्यांवरून बोटं फिरवली, आणि मग ध्यानात आलं, अरेच्चा, आपण वाकलो की! कळ नाही, काही नाही. कुणीतरी त्याच्या हातात पुदिन्याचा चहा दिला.

कारखान्याचा उस्ताद मायेनं म्हणाला, "शाबास! पुढचं काम आता अल्लाल बघेल. तू घरी आराम कर. पाठ सांभाळ."

एवढं ऐकलं मात्र, कमरेपासून मानेपर्यंत अशी सणक गेली की चहा हातावर सांडला. बुश्ताच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुखायचं तर इथं दुखू दे, उस्ताद," तो म्हणाला. "घरी फार दुखतं."

आणि अल्लालला कोपरानं ढोसत त्यानं मांडी घातली. "सरक."