कुंकू लावलेलं चित्रपुस्तक

फुकट आलेल्या वस्तूवर माझा विश्वास नाही. शाळेत चित्रपुस्तकांचं खोकं आलं, तेव्हा मी आधी देणाऱ्या संस्थेचा पत्ता वाचला, मग खोक्याचा तळ चाचपला. तालुक्याच्या गावी, परंड्याला, त्यासाठी एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. या पुस्तकांतून मुलांना जगाचे नागरिक करायचं, असं एक तरुण बाई आम्हाला हसतमुखानं सांगत होत्या. मी मनात म्हटलं, आधी आमची पोरं दुपारच्या खिचडीला एका ओळीत बसू देत, मग जगाचं बघू.

पुस्तकं घरी नेऊन पान न् पान तपासलं. काही विकायचं असेल, कुणाचा प्रचार असेल, असं वाटत होतं. काहीच सापडेना, म्हणून संशय आणखी वाढला.

त्यातलं एक पुस्तक मात्र मला आवडून गेलं. लांबच्या देशातली काळी, कुरळ्या केसांची एक मुलगी थंडीच्या मुलखातल्या शाळेत येते. तिला कुणाची भाषा कळत नाही. ती दाराशी, सगळ्यांच्या बुटांजवळ बसते. मग वर्गातली मुलं एकेक करून उठतात आणि तिच्याजवळ जाऊन बसतात. गोष्ट एवढीच.

माझ्या दुसरीच्या वर्गातही एक दाराशी बसणारी होती. तिच्या घरच्यांची पालं ओढ्यापलीकडं. आई गावोगाव फिरून बायकांच्या गळलेल्या केसांच्या बदल्यात भांडी द्यायची. घरात त्यांची बोली वेगळी. जूनपासून या पोरीनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. तिचा बाप मला स्पष्टच बोलला होता, दिवाळीपर्यंत बोलली तर ठीक, नाही तर आईबरोबर फेरीला जाईल.

ते पुस्तक वाचायला घेतलं की ती दारापासून थोडी पुढं सरकायची. पुढं पुढं तर माझ्याबरोबर तिचे ओठ हलायला लागले. मी तिच्याकडं बघायचं टाळत होते. बघितलं तर थांबेल, अशी भीती वाटायची.

अशात शाळा समितीचे अध्यक्ष वर्गात आले. परंड्याच्या बाजारात त्यांचं धान्याचं दुकान. त्यांनी पुस्तकं चाळली आणि विचारलं, कुणी दिली, फुकट का दिली, आपल्या पोरांना परदेशी पोरींशी काय करायचंय. प्रश्न सगळे माझेच होते, पण त्यांच्या तोंडून ऐकताना माझं डोकं तापलं. नेमकं तेच पुस्तक त्यांनी ‘वाचून बघतो’ म्हणत काखेत मारलं. त्या दिवशी नवरात्र बसलं होतं. दुसऱ्या दिवसापासून पोरगी पुन्हा दाराशी, ओठ मिटलेले.

मी दोनदा निरोप पाठवला. ‘बघतो’ एवढंच उत्तर आलं. आता माझी खात्रीच झाली की पुस्तक चुलीत गेलं. दसऱ्याला सोनं द्यायच्या निमित्तानं मी आपट्याची पानं घेऊन त्यांच्या घरी गेले. खरं तर झडतीच घ्यायची होती.

अध्यक्ष बाहेर गेले होते. त्यांच्या आईनं मला आत बोलावलं. देवघरापुढं पाटावर तराजू, मापं, खुरपी, विळा मांडून पुजलेले. त्यातच माझं पुस्तक. वर झेंडूचं फूल, आणि मुखपृष्ठावरच्या त्या काळ्या मुलीच्या कपाळावर हळदीकुंकवाचं ठसठशीत बोट.

“लेकानं तपासायला आणलं हुतं,” आजी म्हणाल्या. “म्या म्हणलं, घरात आलेली इद्या खंडेनवमीला पुजल्याबिगर कशी ठिवायची? पोर काळी आसली म्हणून काय झालं, देवीचंच रूप की.”

पुजलेलं पुस्तक लगेच उचलता येणार नव्हतं. आजींनी पेढा हातावर ठेवला आणि यंदाच्या कुमारिकांचं कौतुक सांगितलं. शाळेतल्या समद्या पोरी जेवायला बोलावल्या, समद्यांचे पाय स्वतः धुतले. मला बरं वाटलं, नाही असं नाही. पण घरी येताना मन म्हणत होतं की कुठं तरी पाणी मुरतंय.

दसऱ्यानंतर शाळा भरली त्या दिवशी अध्यक्ष स्वतः पुस्तक घेऊन आले. वाचलं, काही वाईट नाही, म्हणाले. मी वाचते कशी ते बघायला भिंतीला टेकून उभे राहिले. मुलं कुंकू बघायला माझ्याभोवती गोळा झाली.

दाराजवळची पोरगी उठली. गर्दीतून वाट काढत पुढं आली. तिनं चित्रातल्या कपाळावर बोट ठेवलं आणि नखाला लागलेलं कुंकू बघितलं. मग मान वर करून तिनं थेट अध्यक्षांना विचारलं.

“हिला कुंकू लावलं. मला का न्हाय लावलं? म्या पोरींसंगं तुमच्या घरला जेवाया आलते. मला दारातनंच माघारी लावलं.”

जेवून आलेल्या पोरी फरशीकडं बघायला लागल्या. अध्यक्षांचा चेहरा उतरला, आणि मी त्या खोक्याकडं ज्या नजरेनं पाहिलं असेल, त्याच नजरेनं त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

“मॅडम, हे तुम्ही शिकवलं का तिला?”

“नाही,” मी म्हटलं. “जूनपासून मी तिला बोलतं करायला बघतेय. ती आज पहिल्यांदा बोलली.”

त्यांचा विश्वास बसला नाही. पोरगी मात्र दाराकडं परत गेली नाही. नखाला कुंकू तसंच ठेवून, उत्तरासाठी त्यांच्याकडं बघत तिथंच उभी राहिली.