पिलसुनच्या दुकानाच्या तीन पायऱ्या

हुकछन गावची कोळशाची खाण चालू होती तेव्हापासून मा पिलसुन गावातल्या बायकांचे केस कुरळे करून देत होती. पुढे खाण बंद पडली. नवरा छातीत कोळशाची धूळ घेऊन गेला. अर्धं गाव शहराकडे उठून गेलं, पण मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची डोकी तर होतीच. केसांत रोलर गुंडाळून, वर प्लॅस्टिकची टोपी चढवून तिघीतिघी ओळीनं बसायच्या, उकडलेले बटाटे सोलायच्या आणि सुनांचा उद्धार करायच्या. दुकान रस्त्यापासून तीन पायऱ्या वर होतं. त्या पायऱ्यांचा विचार पिलसुनच्या मनात कधी आलाच नाही.

योम जोंगइम तिची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. वयानं सात वर्षांनी मोठी. दोघींचे नवरे एकाच पाळीला खाणीत उतरायचे. एकतीस वर्षं जोंगइम दर तीन महिन्यांनी नेमानं येत होती. आणि एका शरदात ती यायची थांबली.

पिलसुननं महिनाभर वाट पाहिली. मग कुणीतरी बोललं की बसस्टँडसमोर नवं पार्लर निघालंय, सरकत्या दाराचं, तिकडे पुष्कळ बायका जातात. पिलसुनच्या डोक्यात तिडीक गेली. ‘हिच्या नवऱ्याच्या मयताला तीन दिवस हिच्या घरची भांडी घासली मी, आणि ही सरकत्या दाराला भुलली!’ असं ती आरशाकडे बघून पुटपुटली.

एकदा दुपारी तिला जोंगइम दिसली. रस्त्यापलीकडे, चालताना आधाराला धरायच्या ढकलगाडीच्या दांडीवर दोन्ही हात टेकून उभी होती. डोक्याला रुमाल. दुकानाकडेच बघत होती. दोघींची नजरानजर झाली असावी. पिलसुननं पाठ फिरवली आणि हाताखालच्या गिऱ्हाइकाचे रोलर पुन्हा घट्ट केले. परत वळून पाहिलं तेव्हा रस्ता रिकामा होता.

खरं काय ते थंडीत कळलं. मासेवाली जिन रोलर लावून बसली होती. बोलता बोलता पिलसुन म्हणाली, "ती महाराणी आता तिकडेच जात असेल ना, सरकत्या दाराला?"

"कोण?"

"जोंगइमताई. आणखी कोण!"

जिननं हातातला बटाटा खाली ठेवला. मग म्हणाली, "तुला सांगू नको म्हणाली होती. पण आता ती वृद्धांच्या इस्पितळात खाटेवर आहे, कुठे ऐकायला येतेय. ती पडली होती. तुझ्याच पायऱ्यांवरून."

"कधी? माझ्यासमोर तर..."

"मंगळवारी. तुझं दुकान बंद असतं ना, म्हणून मुद्दाम मंगळवारी यायची. चढता येतंय का बघायला. गुडघे गेले होते तिचे. दोनदा आलेली मी पाहिली, दुसरी पायरी चढून परत फिरायची. तिसऱ्यांदा कोसळली. मी उचलली. खुब्याचं हाड गेलं."

"आणि मला हाक मारायला काय झालं होतं? मी खाली येऊन धरून नेलं असतं!"

"तेच नको होतं तिला," जिन म्हणाली. "सगळ्यांसमोर पोत्यासारखं उचलून न्यायला. लाज नाही का वाटत माणसाला?"

दुसऱ्या दिवशी पिलसुन दुकानाला कुलूप लावून वृद्धांच्या इस्पितळात गेली. सहा खाटांची खोली, आणि सहाही डोकी एकसारखी भादरलेली. तिथे धुवायला सोपं पडावं म्हणून सगळ्यांचे केस बारीक कापतात. यातली जोंगइम कोणती हे तिला पटकन कळलं नाही. खिडकीजवळची म्हातारी म्हणाली, "काय बघतेस? मी इथं आहे."

"ताई," पिलसुन म्हणाली, आणि खाटेच्या कडेला बसली.

"आता कशाला आलीस? कापायलासुद्धा काही उरलं नाही."

"केस काय, वाढतील. तू बरी हो. मी पायऱ्या काढून टाकते."

"तू?" जोंगइम हसली. "एकतीस वर्षांत आरसा बदलला नाहीस, आणि पायऱ्या काढणार?" मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "त्या दिवशी बघितलंस ना मला तू?"

खोटं बोलायला पिलसुनच्या जिभेवर शब्द आला होता. तो तिनं गिळला. "बघितलं."

जोंगइमनं पांघरूण खांद्यावर ओढून घेतलं. पण पिलसुन निघाली तेव्हा तिनं पाठीमागून म्हटलं, "काढल्यास तर निरोप पाठव."

पिलसुननं गवंडी नामगुंगला बोलावलं आणि पायऱ्यांवरून रस्त्यापर्यंत उतार करून घेतला. अकरा दिवस तो टिकला. शेजारच्या हार्डवेअरवाल्याची गाडी लागेना, म्हणून त्यानं तक्रार केली. पालिकेचा माणूस आला. बिचारा चांगला होता, बोलताना मान खाली घालत होता. "आजी, फूटपाथवर बांधकाम चालत नाही. फूटपाथ सगळ्यांचा आहे."

"सगळ्यांचा आहे म्हणूनच तर बांधलंय."

"परवानगीचा अर्ज करा. लागतील चार-सहा महिने."

"चार-सहा महिने कुणाकडे आहेत?" पिलसुननं विचारलं. त्यानं अर्जाचा कागद तिच्या हातात ठेवला. दोन दिवसांनी मशीन आलं आणि उतार उखडून घेऊन गेलं.

तेव्हा तिनं नामगुंगला सांगितलं, "बाहेर चालत नाही ना? मग आत खण. जमीनच रस्त्याच्या पातळीला आण."

"वेडी झालीस का? पावसाळ्यात ओढ्याचं पाणी सरळ आत येईल. उगाच का बांधल्या होत्या पायऱ्या?"

"येऊ दे. पाणी पुसून काढता येतं."

अर्ध्यावर खडक लागला. त्यामुळे दुकानाचा पुढचा भागच खाली गेला. तीन खुर्च्यांची जागा होती तिथे एक मावली. त्यातच कडाक्याची थंडी पडली, आणि गोठत्या हवेत काँक्रीट धरेना. नामगुंग म्हणाला, बर्फ वितळेपर्यंत थांब. पिलसुन थांबली.

बर्फ वितळायच्या आत जोंगइम गेली. न्यूमोनियानं, चार दिवसांत.

मयताला पिलसुन गेली. फोटोत जोंगइम दाट कुरळ्या केसांत बसली होती. ते पिलसुनच्याच हातचे होते. जोंगइमच्या मुलानं वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मावशी, आई शेवटी सारखी विचारायची, निरोप आला का म्हणून. कसला निरोप ते आम्हाला कळलं नाही." पिलसुननं त्याला सांगितलं नाही. मयताला आलेल्यांना देतात तो सूप-भात तिनं खाल्ला आणि घरी गेली.

एप्रिलमध्ये दुकान उघडलं. दार रुंद झालं होतं, उंबरा उरला नव्हता. दोन दिवस ती एकमेव खुर्चीशेजारी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तिला वाटलं, जोंगइम एकटीच का असेल? किती जणी यायच्या थांबल्या, आणि मी त्या सगळ्यांना बसस्टँडच्या खाती जमा करून टाकलं. ती नावं आठवायला बसली. बारा आठवली. दुकान बंद करून ती घरोघर फिरू लागली.

पहिल्या घराला कुलूप होतं. दुसऱ्या घरी सून म्हणाली, "त्यांना जाऊन वर्ष झालं." तिसरी मुलीकडे शहरात गेली होती. चौथीनं दारातूनच सुनावलं, "आता आठवण आली का?" आणि दार लावून घेतलं. पाचव्या घराचं दार वाजवायचा पिलसुनला धीर झाला नाही; ती बाहेर कट्ट्यावर बसली, मग उठली.

सहाव्या घरी पाक ओकनान जमिनीवर बसूनच सरकत दारापर्यंत आली. साखरेच्या आजारानं तिचा एक पाय गेला होता. पिलसुनला ते माहीतही नव्हतं.

"दुकान मोडलं ना तुझं? खणताना आवाज ऐकू यायचा."

"मोडलं नाही. खाली आणलंय."

"का?"

"तुला यायला."

ओकनाननं चौकट धरून अंग सावरलं. "हे सुचायला दोन वर्षं लागली होय तुला?" ती म्हणाली.

गुरुवारी ती चाकांच्या खुर्चीतून आली. दारातून आत यायला तिला कुणाचा हात लागला नाही. पण केस धुवायचं भांडं उंच होतं, त्यावर मान टेकेना, आणि तिनं सबंध दुपार त्याबद्दल कुरकुर केली.  भांड्याखालच्या विटा पिलसुननं एकेक करून काढल्या आणि पाणी तापत ठेवलं.