छत्रीतली आठवी शिळा

आमच्या गावच्या तळ्याकाठी एक दगडी छत्री आहे. आठ खांबांवर घुमट, आणि घुमटाखाली गावच्या वतनदार घराण्यातल्या गेलेल्या कर्त्या पुरुषांच्या कोरीव शिळा. प्रत्येक शिळेखाली त्या त्या माणसाच्या अस्थींचं मडकं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, माझ्या लग्नाआधी, तिथे सात शिळा होत्या आणि आठवीसाठी खड्डा खणून ठेवलेला होता. गावातली माणसं त्या खड्ड्याकडे बघायचं टाळायची. ज्याच्यासाठी तो खणला होता, तो मात्र रोज संध्याकाळी काठी टेकत यायचा आणि त्याच्या काठावर निवांत बसायचा. त्याला सगळे सरकार म्हणत. मला तो माणूस कधीच आवडला नाही, आणि आता एकेरीत लिहिलं म्हणून कुणी माझं काही वाकडं करणार नाही.

आम्ही पाथरवट. भिवंडीहून वाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर, अंबाडीच्या अलीकडे आमचं गाव. बाप जाती आणि पाटे-वरवंटे करून विकायचा. त्या घराण्याच्या शिळा घडवण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे होता. मान म्हणायचं, पोट भरायचं ते पाट्या-वरवंट्यावरच. आई लवकर गेलेली. मी वीस-एकवीस वर्षांची, गावोगाव फिरून गुळगुळीत झालेल्या जात्यांना टाकीने, म्हणजे छिन्नीने, पुन्हा खाचा पाडून द्यायचे. जात्याला बाईचा हात चालायचा. समाधीच्या शिळेला चालायचा नाही.

आणि इथेच आमची पंचाईत होती. बापाचे हात दोन वर्षांपासून थरथरत होते. चहाची बशी तोंडाशी जाईपर्यंत अर्धी सांडायची. त्या हातांनी सरकारची शिळा कशी होणार? म्हणून मी ती परसात, कुडाच्या आड घडवत होते. घोडा, घोड्यावरचा स्वार, खाली पिंडीची पूजा, सगळं माझं. बाप शेजारी बसून एका फुटक्या पाट्यावर उगीच हातोडी आपटायचा, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं, म्हातारा जोरात आहे. आम्हाला हसू यायचं त्याचं. ते दिवस वाईट नव्हते.

शिळेचा माथा मात्र कोरा ठेवला होता. तिथे सूर्य आणि चंद्र यायचे, आणि ते माणूस जिवंत असताना काढायचे नसत. तो गेला की त्याच दिवशी, चिता विझायच्या आत, घरच्या पुरुषांसमक्ष काढायचे. जिवंत माणसाच्या शिळेवर ज्या हाताने सूर्यचंद्र काढले, त्या हाताने जन्मात पुन्हा टाकी धरायची नाही, असा त्या घराण्याचा दंडक. असं कधी घडलेलं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. दंडक तरीही सगळ्यांना पाठ होता.

घरच्या पुरुषांसमक्ष, ही आमची खरी भीती. ते येऊन उभे राहिले की टाकी बापालाच धरावी लागणार, आणि ती धरताच सगळं बाहेर पडणार. आमच्यासाठी ते पोटावर पाय येण्यासारखं होतं. बाईचा हात लागलेली शिळा फोडून टाकली असती आणि आमच्या दारात दगड घ्यायला कुणी फिरकलं नसतं.

त्या थंडीत सरकारला ताप आला. आठ दिवस झाले, छत्रीकडे तो फिरकला नाही. त्यांच्या दारात रोज सकाळी नगारा वाजायचा, आणि घरात कर्ता पुरुष गेला तरच तो मुका राहायचा. नवव्या दिवशी उजाडलं, उन्हं अंगणात आली, आणि नगारा वाजलाच नाही. सवयीचा आवाज आला नाही की आधी कळतच नाही काय चुकतंय. मग शेजारची काकी कुडावरून हळूच म्हणाली, "नगारा न्हाय वाजला गो आज." आणि आत निघून गेली. तळ्यापलीकडे त्यांच्या घराकडून कसलीच चाहूल नव्हती. बोलावणं आल्याशिवाय तिकडे जायची रीत नव्हती.

मी टाकी उचलली.

"थांब," बाप म्हणाला. "बोलावणं येऊ दे."

"बोलावणं आलं का मानसं बी येतील, बा. मंग तू काढणार का सूर्य? या हातांनी? आल्यावर सांगू, नगारा न्हाय वाजला तवाच तू काढलास."

मी बसले. आयुष्यात इतकं नेटकं काम मी पुन्हा केलं नाही. हात स्थिर होता, मनात एकच की ते यायच्या आत उरकायचं. सूर्य झाला, चंद्राची कोर झाली. ऊन डोक्यावर आलं होतं. कोरीतली भुकटी मी फुंकून उडवली, आणि तळ्यापलीकडे नगारा वाजायला लागला.

बाप माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे. नगारा आपला वाजतोच आहे.

झालं होतं इतकंच, की नगारावाल्याने भिवंडीत धामणकर नाक्याजवळ लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर, काम धरलं होतं. सरकारच्या घरी कुणाला न सांगता तो रातपाळी करायचा आणि सकाळी येऊन नगारा वाजवायचा. त्या दिवशी ड्युटीवरून आला, तसाच ओसरीवर झोपून गेला आणि दुपारी जाग आल्यावर धावत जाऊन वाजवायला लागला. सरकारचा ताप तर आदल्या संध्याकाळीच उतरला होता. मरण नव्हतंच कुठे.

कोरलेलं पुसायला ती काही पाटी नव्हती. आजूबाजूचा दगड काढून सूर्य वर आणलेला, तो आता परत कुठे बुजवणार? मी म्हणाले, लपवू. बाप म्हणाला, "तो बरा झाल्यावर बघाया येल, तवा काय घोंगडी टाकशील?"

पाचव्या दिवशी सरकार आला, मागे त्याचे दोन मुलगे. मुलांनी शिळा बघितली आणि त्यांचे चेहरे उतरले. सरकार मात्र खाली वाकला. त्याने कोरीच्या कडेवरून बोट फिरवलं, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग बापाच्या हातांकडे बघितलं. ते नेहमीसारखे थरथरत होते. मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे. ती नजर मला अजून आठवते, तिच्यात राग अजिबात नव्हता.

"कोणाचा हात?" त्याने विचारलं.

"माझा, सरकार," बाप म्हणाला.

मी गप्प राहिले. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, तर ते नीट लिहिते. मी बोलू शकत होते. घसा काही बसला नव्हता. पण माझा हात गेला असता तर आम्ही दोघं काय खाणार, असा हिशेब मी त्या एका क्षणात केला आणि ओठ मिटून घेतले.

बापाने छत्रीसमोर सगळ्या गावादेखत पुन्हा टाकी न धरण्याची शपथ घेतली. शिळा तळ्यात ढकलली. पुढे नगारावाल्यानेच, मन खात असल्यामुळे, बापाला लूमवर वॉचमनचं काम मिळवून दिलं. बाप गेटापाशी स्टुलावर बसायचा, हात मांडीवर उताणे ठेवून. मी डबा घेऊन गेले की विचारायचा, आज किती जाती झाली. मी आकडा वाढवून सांगायचे. पाटा घरी आणून दाखवला तरी तो हात लावायचा नाही, लांबूनच बघायचा. वर्षभरात वाळला आणि गेला. डॉक्टर म्हणाले, छातीत दगडाची भुकटी साठली होती. असेल.

त्यानंतर वर्षाने सरकारने मला बोलावलं. तो छत्रीतच बसला होता, आपल्या जागी.

"नवी शिळा करायची आहे," तो म्हणाला. "तूच कर."

"बाईचा हात चालत न्हाय ना?"

"दंडक माझ्या घरचा आहे. मी मोडेन."

तो पुढे म्हणाला, "पहिली तूच केली होतीस. ती कोर थरथरत्या हाताची नव्हती. मला तेव्हाच कळलं."

"तुम्हाला ठाव होतं, तरी माझ्या बाची टाकी काढून घेतली?"

"मी कुठे घेतली? त्याने दिली." त्याचा आवाज अगदी साधा होता. "कुणाचा तरी हात जायलाच हवा होता. तू बोलली असतीस तर तुझा गेला असता. तू गप्प राहिलीस, मीही राहिलो."

मी म्हणाले, "मी करणार न्हाय." समोरासमोर, मोठ्याने. सरकारने नुसती मान हलवली. त्याने माझं काहीही केलं नाही, पुढेही नाही. बांधावरून घरी येताना मला रडू कोसळलं, कारण तोंड उघडून त्या माणसापुढे बोलणं बापाच्या वेळीही इतकंच होतं, इतकं सोपं.