चार हरणांची अकरा

आधी म्हातारीचं सांगतो, मग माझा पराक्रम. म्हातारी म्हणजे माझी घरमालकीण. सत्तरी पार, खांद्याला बंदूक, आणि गावातल्या शिकाऱ्यांच्या मंडळाची प्रमुख. त्या सकाळी तिनं मला सांभाळून घेतलं नसतं, तर आज मी करमाळ्याला परत चहा उकळत बसलो असतो.

मी हॉलंडमधल्या आयंडहोव्हन शहरात, एका हॉटेलात कुक. पुण्याचे इंजिनियर दिवसभर कॉम्प्युटरच्या चिपा बनवतात, संध्याकाळी मी त्यांना मिसळ घालतो. शिक्षण नववी, तीही ढकलत. राहायला शहराबाहेर, म्हातारीच्या शेतघरातली मागची खोली.

इथं रानातली छोटी हरणं मारायची तर सरकारकडून मोजके बिल्ले मिळतात. हरीण मारलं की बिल्ला त्याच्या पायात अडकवायचा. बिल्ले संपले, शिकार संपली. किती द्यायचे ते वसंतातल्या मोजणीवर ठरतं. हरणांची संख्या रोडावली होती, म्हणून म्हातारीला बिल्ले कमी करून घ्यायचे होते. मंडळातल्या एका मिशीवाल्याला ते पटत नव्हतं. "हरणं आहेत गं, तुला चष्मा लागलाय," म्हणायचा.

मोजणीच्या पहाटे एक माणूस कमी पडला. म्हातारी म्हणाली, "डोळे आहेत ना तुला? चल." कुरणाच्या कडेला मचाणावर बसवलं, हातात कागद-पेन्सिल दिली. दोन तासांत चार हरणं दिसली.

आता गंमत बघा. आमच्या शाळेत साहेब तपासणीला आले की गुरुजी गैरहजर पोरांचीही हजेरी लावायचे. पट भरलेला दिसला की शाळेचं भलं, एवढंच मी शाळेत नीट शिकलो. चार हा आकडा मला फारच भिकार वाटला. मालकिणीचं रान, त्यात सरकारी कागद! मी अकरा लिहिलं.

मग सगळे कॉफीला जमले. म्हातारीनं माझा कागद वाचला, चष्मा पुसून परत वाचला. मिशीवाल्यानं माझी पाठ थोपटली. "शाबास! अकरा! कमी कसले, बिल्ले वाढवून मागा."

माझं बिस्किट कॉफीत पडलं. म्हणजे मी जन्माला घातलेल्या सात हरणांपायी खरी चार मरणार! बोललो तर खोली जाणार, गप्प बसलो तर हरणं.

"चार," मी म्हणालो. "अकरा नाहीत. चार."

"मग सात कुठे गेली?" मिशीवाला.

"आलीच नव्हती." मग मोडक्या डचमध्ये गुरुजी, साहेब, हजेरी, सगळं ओकलो.

"आधी यालाच हाकला," मिशीवाला म्हणाला.

म्हातारीनं कागद फाडला. "बसवला मी, शिकवलं नाही मी. उद्या परत मोजू, मी याच्या शेजारी बसते. आणि या टेबलावर थापा मी पुष्कळ ऐकल्यात. परत घेतलेली ही पहिलीच." मिशीवाला कॉफी ढवळत राहिला. साखर न घालता.

दुसऱ्या पहाटे तिनं शिकवलं: किती वाजता दिसलं, कुठून कुठे गेलं, मगच आकडा. हरणं तीन दिसली. तीनच लिहिली. त्या साली मंडळाला सहाऐवजी दोनच बिल्ले मिळाले. मिशीवाला हॉटेलात आला, तेव्हा त्याच्या मिसळीत मी तर्री जरा सढळ घातली.

यंदा त्याच कुरणात पाच दिसली. मी एकटाच मोजत होतो. म्हातारीचे गुडघे आता शिडी चढू देत नाहीत. एक दिवस तिला आमच्या करमाळ्याच्या माळावर नेणार. खुर्ची टाकून बसवीन, काळवीट दाखवीन. ती मोजेल, मी लिहीन. एकही जास्तीचं लिहिणार नाही.