तांड्यावरचे सराव पाठ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला अंदमानातलं सगळं ठाऊक आहे — बेटावरची शाळा, पावसात गळणारी माझी खोली, जहाज उशिरा आलं की संपणारे बटाटे. हिंगोलीकडचा माणूस तिकडे पोचला कसा, असं कुणी विचारलं की मी रंगून जातो. पण निघण्याआधीचे महिने मी नेहमी एका वाक्यात उरकतो. "घरी थोडी तयारी केली," म्हणतो. ती तयारी काय होती, ते आज तुम्हाला सांगतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. डी.एड. होऊन मी घरी बसलो होतो. बाळापूरला आमच्या वस्तीत मास्तर झालेला मी पहिलाच. निकाल लागला तेव्हा विहारात सत्कार झाला — हार, नारळ, भाषणं. नोकरी तेवढी नव्हती. वर्षभर मी त्या भाषणांच्या आठवणीवर काढलं म्हणा ना. मग एका ओळखीच्या माणसाकडून कळलं, की अंदमानात एका लहानशा बेटावर एक संस्था शाळा चालवते आणि तिला मास्तर हवा आहे. हिंदीतून शिकवायचं. पोरं बंगाली, रांचीकडची, आणखी कुठकुठली. घरात एक भाषा, शाळेत दुसरी. जानेवारीत हजर व्हायचं. पहिल्याच आठवड्यात ते पाठ बघणार, आणि पसंत पडला नाही तर परतीच्या जहाजात बसवून देणार.

तुम्हाला वाटेल, मला समुद्राची भीती वाटली असेल. छे. जो पाहिलाच नाही त्याला काय भ्यायचं? मला भीती होती ती परत येण्याची. ज्यांनी हार घातले त्यांच्यासमोर तोंड पाडून उभं राहायचं, ही. म्हणून घरच्यांनाही मी नीटसं काही सांगितलं नाही. काम झाल्यावर बघू, आधीच बोभाटा कशाला?

आता सराव पाठ म्हणजे काय, ते सांगायला हवं. डी.एड.ला आम्हाला दुसऱ्याच्या वर्गावर पाठवायचे. मागच्या बाकावर परीक्षक, पुढे आम्ही, मध्ये कुणाची तरी पोरं. तास संपला की तक्ते गुंडाळायचे आणि चालू लागायचं. पोरांना काय आलं, काय नाही, ते त्यांचे मास्तर बघून घेतील. त्यात एक युक्तीही असायची, आमच्या आधीच्या पोरांनी आम्हाला शिकवलेली. वर्गाला आधीच सांगून ठेवायचं — प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. परीक्षकाला सगळा वर्ग हुशार दिसतो, आणि आपण उजव्या हातालाच उठवायचं.

डोंगरकड्याला माझे मामा होते. त्यांच्या शेताच्या पलीकडे, माळावर एक बंजाऱ्यांचा तांडा. घरात सगळे गोरमाटी बोलायचे, मराठी बाजारापुरती. शाळा लांब, शिवाय दिवाळीनंतर निम्मा तांडा ऊसतोडीला जायचा आणि लेकरं बरोबर. घरात एक भाषा, शाळेत दुसरी — मला हवा होता तसा वर्ग आयता बसला होता. मी मामांकडे मुक्काम टाकला आणि तांड्याच्या नाईकाला जाऊन भेटलो. म्हातारा माणूस, खाटेवर बसलेला. काहून आलास, म्हणाला. "लेकरांना शिकवतो," मी म्हणालो. यात खोटं काय होतं? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ वर्षं विचारला, आणि उत्तरही सोयीचंच दिलं.

देवळासमोरची जागा बायांनी सारवून दिली. मी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर चित्रं काढली — जहाज, नाव, नारळ, खेकडा. शिकवायचो हिंदीतून. त्या माळावर, जिथे प्यायचं पाणी लांबून आणावं लागायचं, तिथे मी पोरांकडून "समुंदर में लहरें उठती हैं" म्हणून घेतलं. आयांना त्याचंच कौतुक. शहरातली भाषा! "पोरगं हिंदी बोलून राहिलं," असं एकमेकींना सांगायच्या. पोरांना हाताची युक्तीही शिकवली. ती त्यांना फार आवडली. डावा हात वर करतानासुद्धा हसायची.

त्यातली कविता नावाची पोरगी खरोखर हुशार होती. फ्रॉकला दोन्ही बाजूंनी खडूचे हात पुसलेले, सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. चित्राखालचे शब्द ती आठवड्याभरात वाचायला लागली. मला बरं वाटायचं — ती शिकली म्हणून की माझा पाठ जमला म्हणून? पाठ जमला म्हणूनच.

दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक येणार, असं कळलं. आदल्या दिवशी कविताची आई, सक्रूबाई, वर्ग सुटल्यावर थांबली. डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाली, "गुर्जी, साळा ऱ्हाईल न इथं? का दिवाळीपुरतीच हाय? तुमी हाव म्हनलं तं औंदा पोरगीला न्हाई नेत. म्याबी थांबते."

तिचा प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळ होतं — मी पौषात निघणार आहे. पण ट्रकबरोबर निम्मी पोरं गेली, त्यात कविताही गेली, तर सराव कुणावर करायचा? जहाजाचा मोठा पाठ अजून बसला नव्हता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"राहील," मी म्हणालो. "थांबा तुम्ही."

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात; एकट्या माणसाला मुकादम घेत नाही. ते मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी ट्रकपाशी मी पाहिलं — सक्रूबाईच्या जागी तिची सासू निघाली होती. तोंडात दात नव्हते म्हातारीच्या. लेकाबरोबर कोयता पुरा करायला ती चालली होती, नात शिकावी म्हणून. दोघांनी हाताला धरून तिला वर ओढलं. माझ्याकडे बघून तिनं हात जोडले. मीही जोडले. तेव्हासुद्धा तोंड उघडता आलं असतं, ट्रक अजून सुरू व्हायचा होता. मी वळलो आणि वर्ग घेतला. जहाजाचा पाठ त्या दिवशी फार चांगला झाला.

पुढचं भराभर झालं. निघायची वेळ आली तेव्हा खरं सांगायची हिंमत नव्हती. मामांना म्हणालो, तांड्यावर सांगा मला कावीळ झाली, नांदेडला दवाखान्यात नेलं. बहिणीच्या पोराची अब्रू. दुसरं काय सांगणार होते ते? निरोप तेवढा त्यांनी पोचवला. नंतर त्यांनी माझ्याशी या विषयावर कधी बोलणं काढलं नाही, मीही नाही.

बेटावर मला पहिल्याच पाठात पसंत केलं. मुख्याध्यापक म्हणाले, नवीन वाटत नाही, हात बसलेला दिसतो.

मी तिथे काही वर्षं काढली. मग जिल्ह्यातच नोकरी लागली आणि परत आलो. डोंगरकड्याचा रस्ता टाळायचो — मामांकडच्या लग्नालासुद्धा काहीतरी निमित्त काढून गेलो नाही. लोकांना वाटायचं, तिकडे राहून मला शिष्टपणा आला. वाटू दिलं.

त्यानंतर एकदा औंढ्याच्या स्टँडवर उभा होतो. हिंगोलीच्या गाडीला उशीर होता. मागून कुणीतरी "गुर्जी!" म्हणालं आणि मी वळायच्या आतच पायाला हात लागला.

"वळखलं न्हाई का? सक्रूबाई म्या. ही कविता."

कविताच्या कडेवर लेकरू होतं. ती सासरी निघाली होती, आई पोचवायला आलेली. सक्रूबाई बोलत सुटली. सासू त्या साली उसाच्या फडावरून आली ती कमरेतून वाकलेलीच, पुन्हा सरळ झाली नाही, मागच्या साली गेली. कविता पुढच्या दिवाळीपासून फडावर जायला लागली, मग लग्न. हे सगळं ती हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगत होती, तक्रार म्हणून नव्हे. मग लेकीला कोपरानं ढोसून म्हणाली, "गुर्जींनी शिकवलेलं हाय का न्हाई काई ध्यानात?"

कविता लाजली. लेकरू उजव्या हातात होतं ते तिनं डावीकडे घेतलं — मला वाटलं, उजवा हात मोकळा करते आहे. तिनं थोडा विचार केला, लेकरू पुन्हा उजवीकडे घेतलं आणि डावा हात वर केला. लहानपणीसारखी हसली. मीही हसलो.

"आन् तुमची कावीळ?" सक्रूबाई म्हणाली. "होळीपस्तोर रोज जागा झाडून काढली आमी. आज येतेत, उद्या येतेत. मामाला इचारलं तं मामा बोलतच न्हाई. मंग म्या देवीचे मंगळवार धरले तुमच्यासाठी. बरे झाले का न्हाई, कोनी सांगितलंच न्हाई मला, मंग सोडू कसे? अजून करून राहिले."

तो मंगळवारच होता. तिचे ओठ सुकलेले होते, ते मला आधी दिसले नव्हते.

"झाले न बरे?"

इतक्या वर्षांनी पुन्हा तोच सरळ प्रश्न, तेच माझ्या तोंडाकडे बघणं. "झालो," मी म्हणालो. "कधीच झालो."

तिनं गावातल्या देवळाच्या दिशेला हात जोडले. मग तिथेच फरशीवर बसली, फडकं सोडलं आणि भाकरी काढली. "आता सोडते मंग," म्हणाली. पहिला तुकडा मोडून तिनं माझ्यापुढे धरला.

मी तो घेतला, आणि तिच्यासमोर उभ्या उभ्या खाल्ला.