लाखेनं बंद केलेला काटा

झरीतल्या आमच्या पिठाच्या गिरणीत माणसं दळण घेऊन यायची. तारमास्तर पहिल्यांदा आले ते मोकळ्या हातांनी. दारात उभं राहून त्यांनी डोळे मिटले, एक कान पुढे केला आणि बराच वेळ तसेच थांबले. दळणाला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मग डोळे उघडून ते मला म्हणाले, "इंजिन चालू द्या. पट्टा तेवढा घटकाभर उतरवा. तुमचा पट्टा लय बोलायलाय."

माणूस भ्रमिष्ट दिसतोय, असं मला वाटलं. पट्टा उतरवला तर जातं कशानं फिरणार? पण बोलण्यात अशी अजिजी होती की मी उतरवला. ते लगबगीनं घरी गेले आणि परत येऊन म्हणाले, "बरोबर. तुमचाच हाय." चोर सापडल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं, आणि चोर मी होतो.

त्यांचं नाव नरहरराव. सगळी हयात परभणी स्टेशनात तारयंत्रावर बोटं चालवण्यात गेलेली, म्हणून तारमास्तर. नोकरी सुटल्यावर ते आणि सीताकाकू झरीत येऊन शिवेवरच्या घरात राहिले. का आलात विचारलं तर म्हणायचे, "परभणीत गलका लय हाय." सोबत बॅटरीवरचा रेडिओ होता आणि त्याची तार लिंबाच्या झाडापासून शेतातल्या बांबूपर्यंत ताणलेली. गावाला वाटलं, आता गाणी ऐकायला मिळणार. लोक हौसेनं गेले. मास्तरांनी गूळपाणी दिलं, पण गाणं काही लावलं नाही. रेडिओतून नुसता सू-सू आवाज येत होता आणि मास्तर त्याला कान लावून बसले होते. त्या दिवसानंतर गाव त्यांच्या घरावरून जाताना पाय उचलून चालायला लागलं.

माझ्या पट्ट्याचा बंदोबस्त त्यांनी स्वतःच केला. कातडी पट्टा कोरड्या हवेत चाकावर घासला की त्यात वीज साठते, ती तडतडते आणि तो तडतडाट रेडिओत घुसतो, असं त्यांनी मला समजावलं. पट्ट्याजवळ गेलं की बायकांना झटका बसायचा, त्याला त्या गिरणीतली भुताटकी म्हणायच्या. मास्तरांनी पट्ट्यासमोर तांब्याची एक फणी टांगली आणि तिची तार मिठाकोळशाच्या खड्ड्यात पुरली. हात झटकत म्हणाले, "आवाज मारायचा नसतो, बसाप्पा. त्याला मातीत जायला वाट करून द्यायची." त्या दिवसापासून भुताटकी गेली. दळणाला येणाऱ्या बायका मास्तरांना हसायच्या थांबल्या, आणि मला वाटतं थोड्या घाबरायला लागल्या.

मग ते एकेका आवाजाच्या मागे लागले. परभणीची मोटार त्यांच्या घरासमोर गुरगुरत उभी राहायची, ती त्यांनी ड्रायव्हरला पानसुपारी देऊन वेशीपलीकडे थांबायला लावली. सरकी काढणाऱ्या कारखान्यात जाऊन त्यांनी तिथल्या इंजिनावर पत्र्याची पेटी बसवून दिली. शेजारच्या गोठ्याचे सैल पत्रे स्वतः वर चढून ठोकले. घरात सीताकाकूंनी दोन्ही हातांतल्या बांगड्यांना चिंधी गुंडाळलेली असायची. भांडं जरा वाजलं की आतून आवाज यायचा, "शू."

हे सगळं कशासाठी, ते मला काकूंकडून कळलं. त्यांचा एकुलता एक माधव लढाईत बिनतारी यंत्रावर होता आणि ब्रह्मदेशाच्या बाजूला गेला होता. जाण्याआधी सुट्टीवर आला तेव्हा त्यानं रेडिओचा काटा एका जागी आणून बापाला दाखवलं होतं, "बाबा, मी इथं असतो." पुढे तो बेपत्ता झाल्याची तार आली. मास्तरांनी काट्याच्या गोल बटणावर लाख ओतली आणि पार्सलावर मारायची पितळी मोहोर तिच्यावर दाबली. काटा आता हलणार नव्हता. कुणी सांत्वनाला आलं की मास्तर म्हणायचे, "बेपत्ता लिहिलंय. मेला असं कुठं लिहिलंय? त्यो बोलायलाय, आपलाच गलका त्याला येऊ देईना."

गावातले आवाज एकेक करून गेले, पण एक राहिला. मास्तरांनी मला तो मुद्दाम ऐकवला. रात्रंदिवस दळण बघणारा माणूस मी. मला तो पोत्यात पीठ पडताना होतो तसा वाटला, बारीक, एकसारखा आणि न संपणारा. हळूहळू चढायचा, मग उतरायचा. आश्विनात तो तिसऱ्या प्रहरी चढायचा, तेव्हा मास्तरांनी कारखान्यावर संशय घेतला. मार्गशीर्षात ऐन दुपारी चढायला लागला, तेव्हा बिचाऱ्यांनी पुन्हा माझी गिरणी तपासली. माघात न्याहारीच्या वेळेला आला, तेव्हा पाळी मोटारीची. सगळे निर्दोष निघाले. मास्तरांचे गाल बसत चालले होते. एवढा एक आवाज गेला की माधव ऐकू येईल, याच आशेवर ते जेवत होते.

आमच्याकडे जंगमस्वामी भिक्षेला यायचे. पंचांग त्यांना तोंडपाठ. त्यांना मी मास्तरांकडे नेलं. वेळा ऐकून ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, ह्यो गावातला न्हाई. मूळ नक्षत्र वर चढलं की चढतोय, बुडलं की बुडतोय. दिवसा दिसत न्हाई म्हणून काय झालं, वर असतंच की."

दाराबाहेर बसलेल्या काकूंच्या हातातलं सूप खाली आलं. माधव मूळ नक्षत्रावर जन्मलेला होता. नक्षत्राची शांत करून पूजा होईपर्यंत बापानं तोंड बघायचं नाही, म्हणून मास्तर भिंतीच्या अलीकडे आणि बाळ-बाळंतीण पलीकडे. नक्षत्र फिरून आल्यावर शांत झाली आणि तेलाच्या वाटीत त्यांनी लेकाचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. मास्तर म्हणाले, "पोराला मी आधी ऐकलं, मग बघितलं. भिंतीला कान लावून बसायचो. अजूनबी तसाच बसलोय बघ." मला त्या घरात भीती वाटली. खोटं कशाला सांगू, भर सकाळी वाटली.

त्यानंतर त्यांनी तो आवाज घालवायचा नाद सोडला. मूळ वर असेल तेवढा वेळ ऐकायचे, मावळलं की रेडिओ बंद करायचे. आकाशगंगेचा दाट भाग त्याच दिशेला आहे आणि तिथून असा आवाज सदा येत असतो, हे मला फार पुढे एका शिकलेल्या माणसाकडून कळलं. तोवर मास्तर राहिले नव्हते. असते तरी मी सांगितलं असतं का, ठाऊक नाही.

निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस आले. भाद्रपद होता. कुठलं गाव जळालं, कुठं फौज आली, नुसत्या आवया. एका संध्याकाळी लोकांनी गाड्या जुंपल्या. पोराबाळांना घेऊन निघायचं की थांबायचं, कुणालाच कळेना. गावात रेडिओ तेवढा एकच होता. सगळी आळी मास्तरांच्या अंगणात जमली आणि मला पुढे ढकलण्यात आलं.

"मास्तर, बातम्या लावाव्या लागतेत. लेकरांचा सवाल हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दक्षिणेला झाडांच्या शेंड्यांवर विंचवाची नांगी, म्हणजे मूळ, पुसट दिसायला लागली होती आणि रेडिओतून तो आवाज येत होता. "काटा हलला तर परत तिथंच बसंल का रे, बसाप्पा?" बाहेर कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. मास्तर भिंतीकडे वळून ते ऐकत राहिले. मग त्यांनी अडकित्त्याच्या टोकानं लाख फोडली.

बातमी सापडली. हैदराबादनं हत्यार खाली ठेवलं होतं. कुणी रडलं, कुणी मटकन खाली बसलं, बैल सोडले गेले. अंगण रिकामं झालं तरी मी थांबलो, कारण मास्तर काटा परत नेत होते. काटा एका जागी थांबला, तिथं तोच आवाज. जरा पुढे नेला, तिथंही तोच. अलीकडे आणला, तरी तोच. पीठ पडल्यासारखा, बारीक, एकसारखा.

"इथंबी हाय," मास्तर पुटपुटले. "काकू, अगं इकडं ये." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बायकोला सगळ्या गावासारखी हाक मारली.

काकू उंबऱ्यात आल्या. एवढ्या वर्षांत त्या कधी रेडिओच्या खोलीत आल्या नव्हत्या. "कुठं हाय?" त्यांनी हळूच विचारलं. मास्तरांनी त्यांचा हात धरून बटणावर ठेवला आणि मनगटावरची चिंधी सोडली.

"फिरव. कुठंबी फिरव."

काकू काटा फिरवत राहिल्या. बांगड्या वाजत होत्या, आणि मास्तर शू म्हणाले नाहीत.