मधुसूदनरावांचं शेवटचं ऑडिट

चाकणच्या एका कंपनीत मधुसूदनराव एकतीस वर्षं क्वालिटीत होते. दुसऱ्याच्या मालाला नाक मुरडायचं आणि ऑडिटर येणार म्हटलं की आठ दिवस आधी सगळं चकाचक करायचं, या दोन विद्या त्यांना उत्तम येत. रिटायर होऊन चऱ्होलीच्या नव्या सोसायटीत आले, आणि एके सकाळी सहाला बनियनवरच गेटाशी कंपनीच्या बसची वाट बघत उभे राहिले. वॉचमनने घरी आणून सोडलं.

बायकोने, नीलिमाने, स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी डॉक्टरांची वेळ घेतली. मधुसूदनरावांची पाचावर धारण बसली. त्यांचा थोरला भाऊ मालोजी शेवटी स्वतःच्या बायकोलाच "तुम्ही कोण?" विचारायचा.

पण भीती वाटली की ऑडिटची तयारी करायची, एवढंच या माणसाला ठाऊक. आदल्या दिवशी दवाखान्याबाहेर ठाण मांडून त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला गाठलं. पाच शब्द सांगतात, थोड्या वेळाने परत म्हणायला लावतात, आणि शब्द सगळ्यांना तेच, असं कळलं. घरी येऊन घोकंपट्टी.

"काका, मी पाच शब्द सांगते," डॉक्टर विजयश्री म्हणाल्या.

"छत्री, पेरू, बादली, घड्याळ, चष्मा!"

"मी अजून सांगितले कुठे?"

नीलिमाने कपाळावर हात मारला. मधुसूदनराव ओशाळले. "मॅडम, सप्लायरने असं केलं असतं तर मी अख्खा लॉट परत पाठवला असता. नवे शब्द द्या. दादासारखं होणार असेल तर आत्ताच कळू दे."

नव्या पाचातले तीन आठवले. डॉक्टर म्हणाल्या, "बाकीच्या तपासण्या करू. तोवर रोज चाला आणि डोक्याला काम द्या."

काम नीलिमाने दिलं. नदीपर्यंत चालत जायचं, येताना पाच जिन्नस आणायचे, चिठ्ठी बंद. पहिल्या दिवशी त्यांनी दोन आणले, वर कुणीच न सांगितलेला खराटा. महिन्याभराने चारावर आले.

"कोथिंबीर, आलं, लिंबं, साबण. पाचवं काही आठवेना," ते पडेल आवाजात म्हणाले.

"अहो, एवढं साधं राहत नाही लक्षात? पाचवं म्हणजे..." नीलिमा तोऱ्यात म्हणाली, आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

एरवी त्यांनी हे आठवडाभर सोसायटीत सांगितलं असतं. आज हसूच आलं नाही. त्यांनी काढलेल्या चपला परत पायात घातल्या, तिच्याही तिच्यापुढे सरकवल्या.

"चल," ते म्हणाले. "चालता चालता दोघं मिळून आठवू."